इंजिनाचे नाक मोकळे ठेवा

जुन्या जीपगाडीखाली किंवा ट्रॅक्टरखाली जमिनीवर तेलाचा काळा डाग दिसू लागला, की बहुतेक शेतकरी बांधव सील गेले असे समजतात. गाडी गॅरेजात जाते, गिअरबॉक्स उतरविला जातो, नवे सील बसते, आणि दोन महिन्यांनी तोच डाग पुन्हा त्याच जागी दिसतो. अशा वेळी दोष सीलचा नसून दुसऱ्याच एका लहानशा भागाचा असण्याचा संभव असतो. तो भाग म्हणजे इंजिनाची श्वासनलिका. मिस्त्री लोक तिला ब्रीदर म्हणतात. ती साफ करण्यास अर्धा-पाऊण तास, वाटीभर डिझेल व एक चिंधी एवढेच लागते. इतक्या स्वस्त कामाकडे दुर्लक्ष झाल्याने केवढे महाग काम अंगावर येते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या घरी आलेला आहे. तो प्रथम सांगून मग निगा राखण्याची रीत सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या घरी आजोबांनी जुन्या बाजारातून घेतलेली उंच बॉनेटची पेट्रोल जीप होती. शेतावर ये-जा करणे आणि मागे लहान ट्रॉली जोडून कांदा बाजारात नेणे, ही तिची कामे. २०१० साली तिच्या इंजिनाच्या मागील बाजूने तेल गळू लागले. सील बदलले, गळती राहिली. पुन्हा बदलले, तरीही राहिली. तेल क्लचवर उतरून क्लच घसरू लागला, तेव्हा क्लचप्लेटही नवी घातली. पुढे वडिलांनी कंटाळून दुरुस्तीचा नाद सोडला व आठवड्यास थोडे थोडे तेल वरून भरत राहिले. २०११ च्या उन्हाळ्यात कांद्याची ट्रॉली घेऊन चढ चढत असता इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला आणि काही अंतरावर इंजिन थांबले. तेल संपून बेअरिंगे जळाली होती. गाडी ओढून नेण्यास दुसऱ्या दिवशी वाहन मिळाले. दरम्यान वळवाचा पाऊस झाला व उघड्या ट्रॉलीतील कांदा भिजला.

इंजिन ज्या वृद्ध मिस्त्रींनी उघडले, त्यांनी प्रथम एक बोटभर लांबीची झडप काढून वडिलांच्या हातावर ठेवली. ती आतून काळ्या, डांबरासारख्या मळाने पूर्ण बुजलेली होती. ते म्हणाले, "दादा, या गाडीचं नाक बंद झालंय. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसं हिनं सीलमधून तोंड उघडलं. सील बिचारं काय करणार?" भिजलेल्या कांद्याचे जे पैसे आले, ते सर्व इंजिनाच्या दुरुस्तीत गेले. त्या वर्षी लेखक कृषी महाविद्यालयात शिकत होता आणि शेती यंत्रांचा विषय अभ्यासक्रमात होता. सुटीत घरी आल्यावर बॉनेट उघडून ती झडप पाहण्याचे मात्र सुचले नाही. ही चूक इतर कोणाच्या घरी होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंजिनास श्वास कशासाठी लागतो

सिलिंडरमध्ये इंधन जळून जो जोराचा दाब निर्माण होतो, तो पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनच्या अंगावरील कड्या, म्हणजे रिंगा, हा दाब वरच अडवून धरतात. परंतु रिंग कितीही चांगली असली, तरी तिच्या तोंडातील फटीतून व कडेने थोडा वायू खाली निसटतोच. तो क्रँककेसमध्ये, म्हणजे ज्या पोकळीत क्रँक फिरतो व जिच्या तळाशी तेलाचे चेंबर असते, तेथे साठतो.

हे प्रमाण किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. या जीपच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता सुमारे २.२ लिटर आहे. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा सर्व सिलिंडर भरतात. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढ चढताना, मिनिटास २,००० फेऱ्यांवर, ते जास्तीत जास्त २,२०० लिटर हवा ओढू शकते. त्यातला शंभरावा भाग जरी रिंगांखाली निसटला, तरी मिनिटास २२ लिटर, म्हणजे मोठी बादलीभर वायू क्रँककेसमध्ये उतरला. त्याला बाहेर पडण्यास वाट हवी. वाट नसेल तर दाब वाढतो आणि तो तेलाला सीलच्या ओठातून, चेंबरच्या पॅकिंगमधून, तेलपट्टीच्या भोकातून बाहेर ढकलतो. तेलाचे सील हे थेंब अडविण्यासाठी केलेले असते. दाबाला तोंड देण्यासाठी नव्हे.

दाबाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे पाणी. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले असता जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने धुराड्यातून निघून जाते, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. निसटलेल्या वायूबरोबर या वाफेचा काही अंश क्रँककेसमध्ये येतो. इंजिन थंड असेल तर ही वाफ आतील भिंतींवर दवासारखी जमते, तेलात मिसळते व तेलाचा मलईसारखा पिवळट-पांढरा चिकटा होतो. पेट्रोल इंजिनात निसटलेल्या वायूत न जळलेले पेट्रोलही बरेच असते; ते तेलाला पातळ करते. काजळी व पाणी एकत्र येऊन जो काळा गाळ होतो, तो तेलपंपाच्या जाळीवर बसून बेअरिंगांचा तेलपुरवठा तोडतो. पूर्वीच्या डिझेलमधील गंधकामुळे आम्लही होत असे. एप्रिल २०२० पासून देशभर अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळू लागल्याने तो धोका कमी झाला आहे; परंतु पाणी व काजळी यांचा धोका होता तसाच आहे.

गावातून मळ्यापर्यंत दोन किलोमीटर जायचे व गाडी बंद करायची, असा ज्या गाडीचा नित्यक्रम असतो, तिला हा त्रास अधिक होतो. कारण तिचे इंजिन वाफ बाहेर टाकण्याइतके तापतच नाही. गाडी कमी चालते म्हणून निगा कमी लागते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

जीपगाडीतील व्यवस्था

जुन्या काळच्या बऱ्याच मोटारींत एक साधी नळी क्रँककेसमधून निघून गाडीखाली उघडी सोडलेली असे. गाडी धावू लागली, की खालून वाहणाऱ्या वाऱ्याने नळीच्या तिरप्या तोंडाशी ओढ निर्माण होई व आतील वायू बाहेर खेचला जाई. गाडी उभी असता ही ओढ नसे. शिवाय पाण्यातून जाताना पाणी आत शिरण्याचा धोका राही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांना नद्या-नाले ओलांडावे लागत. त्यामुळे उघडी नळी टाळून आतील वायू इंजिनाच्याच ओढीने खेचून पुन्हा सिलिंडरमध्ये जाळण्याची पद्धत त्यांच्यासाठी वापरात आली. त्या काळच्या विलिस जीपमध्ये ही झडप होती, आणि तिच्या वंशातील ज्या पेट्रोल जीपगाड्या पुढे महिंद्र कंपनीने भारतात तयार केल्या, त्यांच्या इंजिनाचा मूळ आराखडाही तोच होता.

या पद्धतीचा दुसरा लाभ पुढे उमगला. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर साचणाऱ्या धुरकट हवेचा अभ्यास १९५० च्या दशकात झाला. न जळलेले इंधन व इंजिनातील इतर वायू यांवर ऊन पडून ती हवा विषारी होते, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा मोठा वाटा क्रँककेसच्या उघड्या नळीतूनच येतो, असेही पुढे आढळले. त्यावरून कॅलिफोर्नियात १९६१ सालच्या नव्या मोटारींपासून ही झडप बसू लागली. आज रस्त्यावर धावणाऱ्या पेट्रोल मोटारींत ही व्यवस्था कोणत्या ना कोणत्या रूपाने असते.

जीपमधील रचना समजण्यास सोपी आहे. हवागाळणीकडून एक नळी तेल भरण्याच्या नळकांड्याकडे येते. या वाटेने गाळलेली स्वच्छ हवा इंजिनात शिरते. इंजिनाच्या पोटातून फिरून, वाफ व धूर सोबत घेऊन ती दुसऱ्या नळीने मॅनिफोल्डकडे जाते, तेथून सिलिंडरमध्ये जाऊन जळते. या दुसऱ्या नळीच्या वाटेत ती झडप असते. बनावटीच्या वर्षाप्रमाणे नळ्यांची जागा थोडी बदलते. परंतु हवा येण्याची एक व जाण्याची एक, अशा दोन वाटा शोधल्या की व्यवस्था सापडते.

झडपेच्या आत एक लहान दांडी व स्प्रिंग असते. इंजिन सावकाश चालत असता मॅनिफोल्डची ओढ फार जोराची असते. ती दांडीला ओढून वाट अरुंद करते. असे न झाले तर कार्बोरेटरला बाजूस सारून जादा हवा आत घुसेल व इंजिन बंद पडेल. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग दांडीला मागे सारते व वाट रुंद होते. कारण त्या वेळी निसटणारा वायूही अधिक असतो. कार्बोरेटरमध्ये उलट भडका उडाला तर झडप मिटते आणि ज्वाला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. हे तिसरे काम फार महत्त्वाचे आहे. झडप काढून तिच्या जागी नुसती नळी जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बिघाड कसा ओळखावा

झडप किंवा नळी बुजली असेल तर पुढील लक्षणे दिसतात: एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल पाझरते, तेलपट्टी आपोआप वर उचलली जाते, तेलाचे झाकण उघडताच वायू फुस्सकन बाहेर येतो, झाकणाच्या आतील बाजूस पांढरट चिकटा दिसतो, हवागाळणीच्या नळीत तेल आढळते.

झडप उघडी अडकली असेल तर लक्षणे निराळी असतात. इंजिन सावकाश चालवले असता थरथरते, वारंवार बंद पडते आणि कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरविले तरी स्थिर होत नाही. अशा वेळी अनेकदा विनाकारण कार्बोरेटर बदलला जातो.

पांढरा चिकटा दिसताच हेड पॅकिंग गेले, असाही निष्कर्ष काढू नये. रेडिएटरमधील पाणी दिवसेंदिवस कमी होत असेल किंवा तेलपट्टीवरील तेलाची पातळी न भरता वाढत असेल, तर पॅकिंगचा संशय घ्यावा. पाणी जागच्या जागी असेल व चिकटा फक्त झाकणाशीच असेल, तर श्वासनलिकेकडे पहावे.

साफसफाईची रीत

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा. इंजिन पूर्ण निवल्यावर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पेट्रोल गाडीचे काम असल्याने जवळ विडी, काडी, कंदील असू नये.

१. प्रथम दोन्ही नळ्यांच्या व झडपेच्या जागा कागदावर काढून घ्याव्यात अथवा मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. झडप उलटी बसविल्यास ती काम करीत नाही. म्हणून तिचे कोणते टोक मॅनिफोल्डकडे होते, यावर खडूची खूण करावी.

२. भोवतालची धूळ व माती ब्रशाने झाडून मगच नळ्या काढाव्यात. उघडी राहिलेली भोके स्वच्छ कापडाने झाकावीत. काम संपल्यावर कापड काढण्याचे विसरू नये.

३. तेल भरण्याच्या झाकणात जाळी असल्यास ते झाकण वाटीभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावे, हलवून धुवावे व निथळून वाळवावे. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये; त्याची वाफ क्षणात पेटते.

४. झडप उघडण्याजोगी असल्यास उघडून दांडी, स्प्रिंग व बैठक वेगळी करावी आणि प्रत्येक भाग धुवावा. घट्ट मळ लाकडाच्या काडीने काढावा. पोलादी तार खुपसू नये, कारण बैठकीवर ओरखडा पडला की झडप नीट मिटत नाही. स्प्रिंग ताणून लांब करू नये. बंद बनावटीची झडप धुतल्यावर कानाशी धरून हलवावी. खुळखुळ आवाज आला नाही, तर ती बदलावी.

५. नळ्यांतून कापडाची वात ओढून त्या साफ कराव्यात. रबर फुगलेले, मऊ पडलेले किंवा तडकलेले असल्यास नळी बदलावी. नवी नळी तेल सोसणारीच घ्यावी. सायकलची ट्यूब किंवा ठिबकच्या नळीचा तुकडा तेथे बसविलेला अनेकदा दिसतो. तेलाने ट्यूब फुगते व उष्णतेने प्लॅस्टिकची नळी नरमून ओढीने आतल्या आत चपटी होते. बाहेरून नळी जोडलेली दिसते आणि आतून वाट बंद असते.

६. तेलात बुडविलेली हवागाळणी असल्यास तिचे भांडे उतरवून गाळ काढावा, जाळी धुवावी व खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. ही गाळणी बुजली, तर श्वासनलिकेस मिळणारी हवाही बुजते.

७. चेंबरातील तेलात पाणी अथवा गाळ आढळल्यास ते इंजिन गरम असता सोडून द्यावे व तेल-फिल्टरसह बदलावे. स्वच्छ श्वासनलिका आणि घाण तेल यांची जोडी फार काळ टिकत नाही.

८. सर्व भाग जागेवर बसवून इंजिन चालू करावे व गरम होऊ द्यावे. झडपेस क्रँककेसकडून येणारी नळी क्षणभर काढून झडपेच्या तोंडावर बोट ठेवावे. बोटास ओढ लागली पाहिजे. मग नळी परत जोडावी, हवागाळणीकडून येणारी नळी चिमटून धरावी आणि तेल भरण्याच्या तोंडावर एक पोस्टकार्ड ठेवावे. व्यवस्था ठीक असेल तर थोड्या वेळात कार्ड तोंडाला चिकटते. कार्ड उडू लागले, तर आतील वायूला अद्याप वाट मिळालेली नाही, किंवा वायूच वाटेच्या मानाने अधिक आहे. हे तपासताना सैल बाही, उपरणे किंवा पदर पंख्याजवळ येऊ देऊ नये.

धुतलेले डिझेल व जुने तेल बांधावर, विहिरीच्या कडेला किंवा ओढ्यात ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्यास द्यावे. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्यात तेलाचा अंश उतरला तर तो काढता येत नाही.

ट्रॅक्टर व डिझेल इंजिनांबाबत

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी मॅनिफोल्डची जोराची ओढ नसते. म्हणून जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा जाळीचा ब्रीदर व खाली सोडलेली उघडी नळी असते. पेट्रोल जीपची झडप काढून ट्रॅक्टरला बसविण्याचा प्रयोग करू नये.

ट्रॅक्टरचा ब्रीदर मुख्यतः धुळीने व भुश्श्याने बुजतो. मळणीच्या दिवसांत तो आठवड्यास एकदा काढून पहावा. पावसाळ्यात ट्रॅक्टर किंवा पंपाचे इंजिन बरेच दिवस उभे राहिले, तर उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. हंगामाच्या आरंभी इंजिन चालू करण्यापूर्वी नळीच्या तोंडातून काडी घालून वाट मोकळी असल्याची खात्री करावी. नळीचे तोंड मातीत किंवा चिखलात बुडेल इतके खाली आलेले नसावे.

विहिरीवरील एक सिलिंडरच्या तेल-इंजिनाचा प्रकार थोडा वेगळा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येत असता दोन वर जातात, म्हणून आतील जागा जवळजवळ कायम राहते. एकच पिस्टन असेल तर तो खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबतो व वर जाताना ओढतो. यासाठी अशा अनेक इंजिनांच्या ब्रीदरमध्ये पातळ पत्र्याची चकती असते. ती हवा बाहेर जाऊ देते, पण आत येऊ देत नाही. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित ओढ राहते व तेल बाहेर येत नाही. चकती वाकली, तुटली किंवा तेलाच्या चिकट्याने चिकटली की इंजिन क्रँकच्या टोकाशी तेल ओकू लागते. चकती उलट्या बाजूने बसवू नये.

काही डिझेल इंजिनांत ब्रीदरची नळी हवागाळणीच्या पुढे, इंजिन हवा घेते त्या वाटेत जोडलेली असते. अशा इंजिनात तेल खुणेपेक्षा अधिक भरू नये. जादा तेल या वाटेने सिलिंडरमध्ये ओढले गेले, तर इंजिन त्या तेलावरच धावू लागते. मग डिझेल बंद केले तरी थांबत नाही आणि फेऱ्या वाढतच जातात. असा प्रसंग आल्यास इंजिनासमोर उभे न राहता हवेचे तोंड सपाट फळीने बंद करावे. हाताचा तळवा कधीही लावू नये. ज्या इंजिनाची नळी मुळात उघडी आहे, तिला घरगुती युक्तीने हवेच्या वाटेस जोडणे याच कारणाने धोक्याचे आहे.

श्वासनलिकेची साक्ष

श्वासनलिका साफ केल्यावरही तीतून जोराने धूर येत राहिला, तर तो श्वासनलिकेचा दोष नव्हे. रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, हे ती सांगत असते. गरम इंजिनात ओझ्याखाली नळीतून धक्क्याधक्क्याने निळसर धूर निघत असेल, तेल लवकर कमी होत असेल व ओढण्याची ताकदही घटली असेल, तर इंजिन उघडण्याची वेळ आली आहे असे समजावे. पेट्रोल इंजिनात याची खात्री करण्याची एक रीत आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब बराच वाढला तर रिंगा झिजलेल्या आहेत; वाढला नाही तर झडपांची बैठक किंवा हेड पॅकिंग तपासावे. डिझेल इंजिनात असे तेल घालू नये.

म्हणून आधी श्वासनलिका, मग सील, आणि शेवटी रिंगा, हा क्रम मोडू नये. पहिल्या कामास वाटीभर डिझेल लागते, दुसऱ्यास दोन दिवसांची मजुरी व तिसऱ्यास पिकाचे पैसे लागतात. उलट क्रमाने गेल्यास तिन्ही खर्च होतात आणि गळती राहते ती राहतेच.

ब्रीदरमधून तेल ठिबकते म्हणून त्यात चिंधी कोंबणे, लाकडी खुंटी ठोकणे किंवा नळीला गाठ मारणे, हे प्रकार अद्यापही पाहण्यात येतात. नळीतून येणारा थेंब थांबतो, हे खरे. पण तोच दाब दुसरीकडून चेंबरभर तेल बाहेर काढतो. तेवढे तेल रस्त्यात कोठे संपेल, हे आपल्या हाती राहत नाही.

साफसफाई कधी करावी, याचा नियम निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाळावा. पुस्तिका हरवली असल्यास प्रत्येक वेळी तेल बदलताना श्वासनलिका पहावी, हा सोपा नियम ठेवावा. धुळीच्या कामात आणि थोड्या अंतराच्या नित्य फेऱ्यांत त्याहून लवकर पहावी. तेल बदलल्याची तारीख भिंतीवर किंवा वहीत लिहिण्याची पद्धत अनेक घरी आहे. त्याच ओळीत "ब्रीदर पाहिला" एवढे दोन शब्द लिहावेत.

आमच्या घरची जीप दुरुस्तीनंतर आजही शेतावर जाते. तिची ती बुजलेली झडप वडिलांनी टाकून दिली नाही; गोठ्याच्या खोलीत खुंटीला तारेने बांधून ठेवली आहे. जुना ट्रॅक्टर विकत घेतल्याचे कोणी सांगावयास आले, की ते प्रथम ती झडप त्याच्या हातात देतात व मग चहा सांगतात. शेतकरी बांधवांनी या आठवड्यात आपल्या गाडीचे बॉनेट उघडून ही एक नळी अवश्य पहावी.